बकरीचा रिपोर्ट, माणसाच्या कागदावर

सोनगीरला आमच्या मोहल्ल्यात बकरीच्या पोटाचे चारही कप्पे ओळखणारी माणसं आहेत. त्यातलं कुणीही पशुवैद्य नाही. खाटीक आहेत, वजडी साफ करणाऱ्या बायका आहेत, दर बकरीदला मोठ्यांच्या हाताखाली काम करून शिकलेली पोरं आहेत. मोठी पिशवी कुठली, मधमाशीच्या पोळ्यासारखी जाळी कुठली, पुस्तकाच्या पानांसारखे पदर कुठले आणि शेवटचं गुळगुळीत पोट कुठलं, हे ते डोळे मिटून सांगतील. पशुवैद्यकाच्या पुस्तकात यांना रुमेन, रेटिक्युलम, ओमॅसम आणि अबोमॅसम म्हणतात. शेतीच्या मासिकांत कोटीपोट, जाळीपोट, पडदेपोट आणि खरे पोट. आमच्या घरात सगळ्यांना मिळून ओझडी, शेजारच्या घरात वजडी.

पण जनावर जिवंत असताना आजारी पडलं की हे सगळं ज्ञान मुकं होतं. तिथून पुढे इंग्रजी कागद बोलतो, आणि तो कागद बहुतेक वेळा दुसऱ्याच प्राण्याबद्दल बोलत असतो.

मागच्या पावसाळ्यात माझ्या खालाची दुभती बकरी खायची थांबली. जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबायला लागली, चालताना मागे पडायला लागली. खालाचा नातू कॉलेजात शिकतो. त्याने कुणाकडून तरी रक्त काढून घेतलं आणि हायवेवरच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नेऊन दिलं. लॅब माणसांची. संध्याकाळी मोबाईलवर रिपोर्ट आला. पेशंटचं नाव: बकरी. वय: ३ वर्षे. लिंग: स्त्री. पाठवणारे डॉक्टर: सेल्फ. या चार ओळींवर मोहल्ला दोन दिवस हसला. खाली मात्र हसण्यासारखं काही नव्हतं. हिमोग्लोबिन ५.८, कमी. लाल पेशी फारच कमी. प्लेटलेट मोजता येणार नाहीत इतक्या जास्त. लिम्फोसाइट ६२ टक्के, जास्त. साखर ५४, कमी. प्रत्येक आकड्यापुढे ठळक अक्षरांत इशारा, आणि शेजारी छापलेल्या ‘नॉर्मल’ मर्यादा माणसाच्या.

मग सुरू झाली चर्चा. एकजण म्हणाला, “खाला, शुगर कम है, ग्लुकोज चढाव.” तांबट गल्लीतल्या एका काकांनी सांगितलं, “बकरीले सलाईन लाव.” प्लेटलेटचं नाव ऐकून डेंगीची आठवण निघाली. नातवाने इंटरनेटवर लिम्फोसाइट शोधलं आणि त्याला रक्ताचा कॅन्सर सापडला.

या पाच इशाऱ्यांपैकी खरा किती होता? एकच. हिमोग्लोबिनचा.

साखरेचं बघा. माणसाची उपाशीपोटी साखर ७० ते १०० असावी असं आपण धरतो. बकरीची ५० ते ७५ असते, गाईची साधारण ४५ ते ७५. रवंथ करणारं जनावर चाऱ्यातून थेट फारशी साखर घेतच नाही. कोटीपोटातले कोट्यवधी सूक्ष्मजीव चारा आंबवून त्याची आम्लं करतात, ती आम्लं रक्तात जातात आणि त्यातल्या एका आम्लापासून यकृत लागेल तेवढी साखर बनवतं. म्हणून ५४ हा बकरीचा अगदी ठीक आकडा. तिला ‘लो शुगर’ म्हणणं म्हणजे मेंढीला दाढी नाही म्हणून काळजी करणं.

लिम्फोसाइटचंही तेच. माणसाच्या पांढऱ्या पेशींत न्यूट्रोफिल जास्त आणि लिम्फोसाइट कमी असतात. गाय, म्हैस, बकरी यांच्यात हे उलटं. गाईच्या रक्तात लिम्फोसाइट ४५ ते ७५ टक्के असणं हीच निरोगी गाईची खूण. माणसाच्या कागदावर ती दर वेळी आजारीच दिसणार.

प्लेटलेटची गोष्ट मला सगळ्यात बोलकी वाटते, कारण तिथे मर्यादा चुकीच्या छापल्या एवढाच दोष नसतो, मोजणीच फसते. माणसाची लाल पेशी साडेसात मायक्रॉनच्या आसपास असते. बकरीची तीन-चार मायक्रॉन, म्हणजे पाळीव जनावरांत सगळ्यात बारीक. आकारमानात सांगायचं तर माणसाची पेशी ८० ते १०० आणि बकरीची १६ ते २५ फेम्टोलिटर. रक्त मोजणारं यंत्र पेशीचा आकार पाहून ठरवतं, मोठी असेल ती लाल पेशी, बारीक असेल ती प्लेटलेट. माणसासाठी लावून ठेवलेल्या यंत्रातून बकरीचं रक्त गेलं की ते लाल पेशींनाच प्लेटलेट समजून मोजत सुटतं. त्यामुळे लाल पेशी जवळजवळ नाहीतच आणि प्लेटलेटचा पूर आलाय असा रिपोर्ट निघतो. कोंबडीचं रक्त दिलं तर आणखी वेगळा घोळ, कारण पक्ष्यांच्या लाल पेशीला केंद्रक असतं आणि यंत्राला त्या पांढऱ्या पेशी वाटू शकतात.

हिमोग्लोबिन तेवढं बऱ्यापैकी खरं येतं. ते मोजताना पेशी फोडून त्यांतला लाल रंग मोजतात, पेशीच्या आकाराचा संबंध राहत नाही. पण तिथेही मर्यादा लक्षात हवी. बकरीचं हिमोग्लोबिन ८ ते १२ असतं. म्हणजे १० असलेली धडधाकट बकरी या कागदावर अशक्त ठरते. ५.८ हे बकरीसाठीही कमीच. तिचा आजार तेवढ्या एका ओळीत होता आणि बाकीच्या चार ओळींनी तो झाकून टाकला होता.

पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांनी रिपोर्ट बाजूला ठेवला, बकरीची खालची पापणी अंगठ्याने खाली ओढली आणि आतला रंग पाहिला. कागदासारखा पांढरा. जबड्याखालचं पाणी चाचपलं, लेंड्या मागवल्या, भिंगाखाली जंतांची अंडी पाहिली आणि औषध दिलं. बकरी वाचली, पण त्या वर्षीचं दूध गेलं.

हा जंत आमच्या खाटकांना चांगला माहीत आहे. पावसाळ्यानंतर कापलेल्या बकऱ्याचं शेवटचं गुळगुळीत पोट उघडलं की आत लाल-पांढरा पीळ घातलेल्या दोऱ्यासारखे बारीक जंत वळवळताना दिसतात. लाल दिसते ती जंताची रक्ताने भरलेली आतडी, पांढरी दिसते ती तिच्याभोवती गुंडाळलेली अंडाशयं. पुस्तकात याचं नाव हिमॉन्कस. एक जंत दिवसाला ०.०५ मिलिलिटर रक्त खातो, म्हणजे थेंबभर. पण पोटात हजार असतील तर रोज ५० मिलिलिटर. पंचवीस किलोच्या बकरीच्या अंगात सगळं मिळून रक्त दीड-पावणेदोन लिटर. हिशोब तुम्हीच करा. प्रथिनं रक्तातून निघून गेली की पाणी अंगात धरून राहत नाही आणि ते जबड्याखाली उतरतं. खाटीक म्हणतो, “इसके पेट में धागे थे.” डॉक्टर म्हणतात हिमॉन्कोसिस. लॅब म्हणते अॅनिमिया, प्लेटलेट हाय. तिघं एकाच बकरीबद्दल बोलताहेत, आणि खालाला त्यातलं एकाचंही दुसऱ्याशी जोडता येत नाही.

माझं म्हणणं साधं आहे. जनावराचं रक्त तपासायचं असेल तर ते जनावर म्हणून तपासा, आणि निकाल अशा शब्दांत द्या की गोठ्यातल्या माणसाला शरीराची जागा कळेल. दोन्ही एकत्र हवं. नुसता मराठी रिपोर्ट दिला आणि मर्यादा माणसाच्या ठेवल्या तर चूक फक्त मातृभाषेत वाचायला मिळेल.

पापणीवरून आठवलं. धुळे-साक्रीकडचे ठेलारी मेंढ्या घेऊन फिरतात, ते असंच डोळा उलटून बघतात. याच तपासणीला दक्षिण आफ्रिकेत शास्त्रीय रूप दिलं गेलं. फाफा मलान नावाच्या पशुवैद्याने पापणीच्या आतल्या रंगाचे पाच टप्पे केले, लालभडकपासून पांढऱ्यापर्यंत, आणि त्यांचा रंगीत तक्ता बनवला. त्याच्याच नावावरून त्याला फमाचा म्हणतात. पहिल्या दोन रंगांच्या जनावराला औषध नको, शेवटच्या दोन रंगांच्या जनावराला हवंच. सगळ्या कळपाला सरसकट जंतनाशक पाजलं की जंत त्या औषधाला सरावतात, ते टाळण्यासाठी ही युक्ती. मला यात गंमत वाटते ती अशी की ठेलाऱ्याचा अंगठा जे करत होता त्याला फक्त रंगांचे आकडे मिळाले, आणि आकडे मिळाल्याबरोबर ते जगभर शिकवता येऊ लागलं. आपल्याकडच्या शब्दांना असे आकडे कधी मिळाले नाहीत.

शब्दांचा गोंधळ आहे, हे मी नाकारत नाही. ‘काळीज’ घ्या. मराठीत काळीज धडधडतं, काळजाचा ठोका चुकतो, म्हणजे ते हृदय. मटणाच्या दुकानात काळीज मागितलं तर यकृत मिळतं. उर्दूत ‘जिगर’ म्हणजेही यकृत, आणि आम्ही मुलाला जिगर का टुकडा म्हणतो. दोन्ही भाषांनी माया यकृतात ठेवली, हे मला आवडतं. पण “काळजात पू झालाय” असं कुणी पशुपालकाला सांगितलं तर त्याने काय समजायचं? गाईने तार गिळली तर हा प्रश्न जीवघेणा होतो. हायवेच्या ढाब्यांमागे उकिरड्यावर चरणाऱ्या गाई तार, खिळे गिळतात. जड वस्तू जाळीपोटात जाऊन बसते. जाळीपोट आणि हृदय यांच्यामध्ये फक्त श्वासपटलाचा पातळ पडदा. तार पुढे सरकली की थेट हृदयाच्या आवरणात. अशा गाईच्या रक्तात न्यूट्रोफिल वाढलेल्या दिसतात, आणि न्यूट्रोफिल मुळात कमी असणाऱ्या जनावरात ती वाढ मोठी गोष्ट असते. माणसाच्या मर्यादांवर मात्र ती अगदी ‘नॉर्मल’ ठरेल. म्हणजे बकरीला नसलेला आजार दाखवणारा कागद गाईचा असलेला आजार लपवेल.

तरीही गोंधळ आहे म्हणून लोकांचे शब्द टाकून द्यावेत, हे मला पटत नाही. मराठीत कितीतरी अचूक शब्द आहेत. पानथरी म्हणजे प्लीहा, आमच्याकडे तिल्ली. कास, सड, वशिंड, गळ्याखालची पोळी, डावी भकाळी. फुगलेलं जनावर आणलं की डॉक्टर हात ठेवतात ती जागा म्हणजे डावी भकाळी, कारण कोटीपोट डाव्या अंगाला असतं. वार पडली नाही, माज आला, जनावर आदत आहे, दोन दाती आहे, जुळलं आहे, हे सगळं शरीरशास्त्रच आहे. लॅटिन शब्दांचा बाऊ करणाऱ्यांनी हेही बघावं की रेटिक्युलम म्हणजे लॅटिनमध्ये लहानसं जाळं. आपलं जाळीपोट त्याहून वेगळं काय सांगतं? इंग्रज खाटकांनी तिसऱ्या पोटाला त्याच्या पानांमुळे बायबल हे नाव दिलंच होतं. शब्द जातीधर्माच्या सीमा किती सहज ओलांडतात, याचं एक उदाहरण मला फार आवडतं. घोड्याच्या डॉक्टरला उर्दूत सलोतरी म्हणायचे. हा शब्द संस्कृतातल्या शालिहोत्राचा. आणि अरबीत पशुवैद्याला बैतार म्हणतात, तो ग्रीकातून आलेला. तेराव्या शतकातला मोठा वनस्पतितज्ज्ञ इब्न अल-बैतार म्हणजे अक्षरशः ‘पशुवैद्याचा मुलगा’. शालिहोत्राचा सलोतरी होऊ शकतो, तर रुमेनचं कोटीपोट रिपोर्टवर छापायला काय हरकत आहे?

इथवर बकरीचं झालं. आता माणसाचं, कारण जनावराच्या रक्तात दडलेली एक गोष्ट आपल्या घरात येते.

माल्टा बेटावर ब्रिटिश सैनिकांना महिनोन्महिने चढउतार होणारा ताप यायचा. डेव्हिड ब्रूसने १८८७ मध्ये त्याचा जंतू वेगळा केला, पण तो येतो कुठून हे कळेना. १९०५ मध्ये थेमिस्टोक्लीस झामिट या माल्टाच्याच डॉक्टरने बकऱ्यांचं रक्त तपासलं. बकऱ्या दिसायला धडधाकट, दारोदार नेऊन दूध काढून दिल्या जाणाऱ्या. त्यांच्या रक्तात या जंतूविरुद्धचे प्रतिपदार्थ सापडले. दुसऱ्या वर्षी सैनिकांचं बकरीचं दूध बंद केलं आणि ताप झपाट्याने उतरला. ब्रुसेलोसिस तो हाच. मराठीत सांसर्गिक गर्भपात म्हणतात, कारण जनावर गाभडतं. त्या वारेला, त्या पाण्याला नुसता हात लावणाऱ्यालाही तो होऊ शकतो. म्हणजे वार ओढून काढणारी बाई, खाटीक, गुराखी आणि स्वतः पशुवैद्य. शिवाय कच्चं दूध पिणारा कुणीही.

याची तपासणी अवघड नाही. रोझ बंगाल चाचणीत रक्तातल्या पाण्याचा, म्हणजे सीरमचा एक थेंब आणि गुलाबी द्रावणाचा एक थेंब काचेवर मिसळतात. चार मिनिटांत दाणे धरले तर संशय पक्का. खानदेशात विडाल टेस्ट माहीत नसलेलं घर नाही. ही तिचीच बहीण समजा. सप्टेंबर २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात गाई-म्हशींच्या ४ ते ८ महिन्यांच्या मादी वासरांना ब्रुसेलाची लस देतात. बकऱ्या त्या लसीकरणात नाहीत. गरिबाच्या घरात गाय नसते, बकरी असते, आणि माणसाला सगळ्यात जास्त त्रास देणारा ब्रुसेला बकरी-मेंढीचाच. म्हणून तापाच्या रोग्याला “घरी जनावर आहे का, गाभडलं होतं का?” हे दोन प्रश्न विचारणारा डॉक्टर मला दहा महागड्या चाचण्यांपेक्षा मोलाचा वाटतो. या आजाराची औषधं सहा-सहा आठवडे घ्यावी लागतात. आठ दिवस टायफॉइडची औषधं घेऊन तो जात नाही.

यावर एक आक्षेप मी ऐकला आहे, आणि तो चिडून उडवून लावण्यासारखा नाही. एका डॉक्टरकडे इतकी गावं, इतकी जनावरं. पापणी बघून काम भागतं तिथे रक्त कशाला? खरं आहे, पापणी बघून भागतं तिथे भागवावं. पण पापणी पांढरी का झाली, हे पापणी सांगत नाही. जंताने होते, गोचीड तापानेही होते. संकरित गाईला ताप आहे, खांद्यापुढची गाठ सुजली आहे, तर कानाच्या शिरेतून एक थेंब घेऊन काचेवर पसरायचा, गिम्साने रंगवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली लाल पेशीच्या आत थायलेरिया दिसतो का ते पाहायचं. याला लागते काच, रंग, सूक्ष्मदर्शक आणि अर्धा-पाऊण तास. चुकीच्या औषधाच्या दोन बाटल्यांपेक्षा हे स्वस्त पडतं. तांब्या-पितळेच्या आमच्या गावात आणखी एक सांगण्यासारखं: तांबं कमी पडलं तरी जनावराचं रक्त कमी होतं, आणि मेंढीच्या पोटात ते जास्त गेलं तर लाल पेशी फुटून लघवी लाल होते. लाल लघवी दिसली की सगळ्यांनाच गोचीड ताप म्हणून चालत नाही.

मोठ्या साथीच्या वेळी नमुने लांब पाठवावे लागतात, त्याला इलाज नाही. फेब्रुवारी २००६ मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू आपल्याच खानदेशात, नवापूरला सापडला, तेव्हा निदान भोपाळच्या उच्च सुरक्षा प्रयोगशाळेने केलं आणि तोवर लाखो कोंबड्या मारून पुरण्याची वेळ आली. २०२२ ची लम्पीची साथ राज्यात सुरू झाली ती ऑगस्टमध्ये, रावेर तालुक्यातल्या चिनावलला. अशा विषाणूंची तपासणी भोपाळ-पुण्यातच व्हावी. पण हिमोग्लोबिन, काचेवरचा थेंब आणि रोझ बंगाल यांच्यासाठी सोनगीरच्या बकरीच्या रक्ताने साडेतीनशे किलोमीटर प्रवास करण्याचं काही कारण नाही. धुळं इथून वीस किलोमीटर आहे. तिथवर पोचवता येईल अशी सोय हवी, आणि ती आहे किंवा नाही हे गावात पाटीवर लिहिलेलं हवं.

माणसांच्या लॅबवाल्यांनाही माझी एक विनंती आहे. जनावराचा नमुना घेऊ नका असं मी म्हणत नाही. जवळ तेवढीच लॅब असते. पण घेतलात तर यंत्राची लाल पेशी आणि प्लेटलेटची ओळ कोरी सोडा, हिमोग्लोबिन द्या, रक्त काचेवर पसरून डोळ्यांनी बघा, आणि छापील मर्यादा खोडून त्या जागी जनावराचं नाव आणि त्याच्या मर्यादा लिहा. तेवढं जमणार नसेल तर पैसे घेऊ नका.

आणि दवाखान्याच्या भिंतीवर एक तक्ता लागावा असं मला फार वाटतं. एका बाजूला गाईची, एका बाजूला बकरीची बाजूने काढलेली आकृती. प्रत्येक अवयवाला तीन नावं: पुस्तकातलं, मराठीतलं आणि आमच्या मोहल्ल्यातलं. खाली रक्ताच्या पाच-सहा ओळी, जनावराच्या मर्यादांसह. हा तक्ता बनवताना डॉक्टरांच्या शेजारी एक खाटीक आणि एक ठेलारी बसवावा. खाटकाने रोज जितकी यकृतं हातात घेऊन पाहिली असतात, तितकी कॉलेजातल्या विद्यार्थ्याने पाहिलेली नसतात. गाठी असलेलं, चपट्या जंतांनी भरलेलं यकृत तो बाजूला टाकतो, पण कुणाचं जनावर होतं, कुठल्या गावचं, हे त्याला कुणी विचारत नाही.

तोवर ज्यांच्या घरी जनावर आहे त्यांच्यासाठी थोडं कामाचं. रक्त मोजण्यासाठी जांभळ्या झाकणाची नळी, ब्रुसेलासाठी लाल झाकणाची. जांभळी भरल्यावर आठ-दहा वेळा हळूच उलटी-सुलटी करायची, झटके द्यायचे नाहीत. थर्मासात बर्फ ठेवा पण नळीला थेट लागू देऊ नका, गोठलेल्या रक्तातल्या पेशी फुटतात. नळीवर जनावर, वय, गाभण आहे का आणि व्याली कधी, हे लिहा. आणि रक्त इंजेक्शन टोचायच्या आधी काढा, नंतर नाही. औषध एकदा अंगात गेलं की काचेवर शोधायचा जंतू सापडेलच असं नाही.